दडलेले दुरित आणि हरवलेली निरागसता

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा संपादित पाठ)

वाङ्मयात दुष्टता अनेक वेश धारण करून येते. पुराणकथेतील असुर दुरूनही ओळखू येतो. त्याचे रूप, त्याची गर्जना, त्याचे शस्त्र यांत संदिग्ध असे काही नसते. लघुकथेने मात्र गेल्या दोनशे वर्षांत अधिक अवघड काम पत्करले. तिने दुष्टता शेजारच्या घरात, प्रार्थनामंदिरात, गावच्या चौकात आणि अखेर पाहणाऱ्याच्याच अंतःकरणात दाखविली. अशी दुष्टता एकदा दिसली की पाहणाऱ्याची निरागसता संपते. त्यानंतर त्या माणसाचे काय होते, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ साहित्याच्या अभ्यासकांचा नाही. समाजकार्यात उडी घेणाऱ्या तरुणाच्या आयुष्यात एक दिवस असा येतोच, की ज्यांच्या पायाशी बसून तो शिकला, त्यांच्यातीलच एखादी खोट त्याच्या दृष्टीस पडते. काही जण त्या दिवसापासून सर्वांवरचा विश्वास गमावून बसतात. काही जण डोळे मिटून घेतात आणि आपल्या घरात खोट नाहीच, असे स्वतःला बजावतात. दोन्ही प्रकारांत कार्याची हानी होते आणि माणसाचीही. या दोन वाटा कोठे जातात आणि तिसरी एखादी वाट आहे काय, हे समजून घेण्यासाठी अमेरिकेतील तीन कथा विशेष उपयोगी आहेत : नॅथॅनियल हॉथॉर्न यांची ‘यंग गुडमन ब्राउन’ (१८३५), शर्ली जॅक्सन यांची ‘द लॉटरी’ (१९४८) आणि फ्लॅनरी ओ’कॉनर यांची ‘अ गुड मॅन इज हार्ड टू फाइंड’ (१९५३).

अरण्यातील एक रात्र

हॉथॉर्न यांच्या कथेचे स्थळ सतराव्या शतकातील सेलम हे गाव आहे. ‘गुडमन’ ही त्या काळी सामान्य गृहस्थाला लावली जाणारी उपाधी. ब्राउन हा असाच एक तरुण, नवविवाहित गृहस्थ. त्याच्या पत्नीचे नाव ‘फेथ’, म्हणजे श्रद्धा. तिच्या टोपीला गुलाबी फिती आहेत. सूर्यास्ताच्या वेळी तो तिचा निरोप घेतो आणि कोणते तरी अशुभ काम उरकण्यासाठी अरण्याची वाट धरतो. आजची रात्र एवढी संपू दे, मग जन्मभर हिचा पदर धरून स्वर्गापर्यंत जाईन, असा त्याचा मनोमन संकल्प आहे. पापाची एकच रात्र, तीही अखेरची, हा हिशेब मनुष्यमात्राला अपरिचित नाही.

अरण्यात त्याला एक वयस्क वाटसरू भेटतो. त्याच्या हातात सर्पासारखी दिसणारी काठी आहे. आमच्या घराण्यात या वाटेने कोणी आलेले नाही, असे ब्राउन म्हणतो. त्यावर वाटसरू शांतपणे सांगतो, की त्याच्या आजोबांनी एका क्वेकर स्त्रीला भर रस्त्यातून चाबकाचे फटके मारीत नेले, तेव्हा आपणच त्यांच्या साहाय्याला होतो. आणि त्याच्या वडिलांनी मूलनिवासींच्या वस्तीला आग लावली, ती पेटविण्याचे साहित्यही आपणच पुरविले होते. पुढे ब्राउनला याच वाटेवर त्याला बालपणी धर्माचे पाठ देणारी वृद्धा दिसते, मागून गावचे धर्मोपदेशक येतात. अखेर आकाशातून एक गुलाबी फीत तरंगत खाली येते. श्रद्धाच गेली, असा आक्रोश करीत तो बेभान होऊन धावत सुटतो. अरण्याच्या मध्यभागी ज्वाळांच्या उजेडात सारे गाव जमले आहे. पुण्यवान आणि पतित एकाच पंक्तीत उभे आहेत. दीक्षा घेण्यासाठी दोन नवखे जीव पुढे आणले जातात, ते ब्राउन आणि त्याची पत्नी. तो तिला ओरडून सांगतो, वर आकाशाकडे पाहा, याला शरण जाऊ नकोस. आणि त्याच क्षणी सारे दृश्य नाहीसे होते. निःशब्द अरण्यात तो एकटाच उरतो.

तिने आकाशाकडे पाहिले की नाही, हे त्याला कधीच कळत नाही. ते सारे स्वप्न होते की सत्य, हेही लेखक सांगत नाही. मात्र दुसऱ्या दिवशी गावात परतलेला ब्राउन पूर्वीचा राहिलेला नाही. ती वृद्धा एका मुलीला धर्माचे पाठ देत असते. तो त्या मुलीला सैतानाच्या हातून सोडवावे तसे ओढून घेतो. धावत सामोरी आलेल्या पत्नीकडे कठोर नजरेने पाहून न बोलता पुढे जातो. पुढे तो दीर्घायुषी होतो, मुलेनातवंडे पाहतो. पण प्रार्थना ऐकतानाही त्याला त्यात पापच ऐकू येते. त्याच्या थडग्यावर आशेचा एक शब्दही कोरला जात नाही.

वरवर वाचणाऱ्याला वाटते, की या माणसाने सत्य पाहिले आणि सत्य त्याला सोसले नाही. परंतु कथेत एक बारकावा आहे. ब्राउन स्वतः त्या अरण्यात स्वेच्छेने गेला होता. साऱ्या गावाची पापे त्याने जन्मभर आठवली, आपले पाऊल मात्र त्याला कधी आठवले नाही. दुसऱ्याच्या दोषाचे दर्शन त्याला झाले आणि स्वतःच्या दोषाचे झाले नाही, हीच त्याची शोकांतिका होय.

न्यायासनावरचे पूर्वज

या कथेमागे एक इतिहास उभा आहे. १६९२ मध्ये सेलममध्ये चेटुकाच्या आरोपांची साथ पसरली. दीडशेहून अधिक लोकांवर आरोप झाले. एकोणीस जणांना फाशी देण्यात आली, त्यांत चौदा स्त्रिया होत्या. जाइल्स कोरी या वृद्ध शेतकऱ्याने न्यायालयापुढे कैफियत देण्यास नकार दिला, तेव्हा त्याच्या छातीवर दगड रचून त्याला चिरडून मारण्यात आले. आरोपी स्वतः दुसरीकडे असली, तरी तिची छायाकृती येऊन आपल्याला छळते, असे कोणी शपथेवर सांगितले, तर ते पुरावा म्हणून ग्राह्य धरले जाई. जे फक्त फिर्यादीला दिसते, ते खोडून काढणार कसे? निरपराधित्व सिद्ध करण्याचा मार्गच तेथे बंद झाला होता.

या खटल्यांतील आरोपींची चौकशी करणाऱ्यांत जॉन हॅथॉर्न हे एक प्रमुख दंडाधिकारी होते. ते लेखकाचे खापरपणजोबा. त्यांचे वडील विल्यम हॅथॉर्न यांचे नाव क्वेकरपंथीयांच्या छळाशी जोडलेले आहे. म्हणजे कथेतील वाटसरू ज्या आजोबांची आठवण काढतो, ते लेखकाच्याच घराण्यातून आले आहेत. १८०४ मध्ये याच सेलममध्ये जन्मलेल्या या लेखकाने आपल्या आडनावाच्या वर्तनीत एक अक्षर वाढविले. पूर्वजांपासून अंतर राखण्यासाठी ते केले असावे, असे अनेक अभ्यासकांना वाटते. पुढे ‘द स्कार्लेट लेटर’ (१८५०) या कादंबरीच्या प्रास्ताविकात त्यांनी पूर्वजांच्या कृत्यांची लाज आपल्या शिरावर घेतली. कुळाचा अभिमान असणे आणि कुळाच्या पापाची लाज वाटणे या दोन्ही गोष्टी एकाच अंतःकरणात नांदू शकतात, याचे हे उदाहरण आहे.

कथेतील वृद्ध शिक्षिकेचे नाव क्लॉइस असे आहे. सारा क्लॉइस ही स्त्री प्रत्यक्षात होऊन गेली. एप्रिल १६९२ मध्ये सेलमच्या धर्मोपदेशकांनी ‘बारा शिष्यांतील एक सैतान आहे’ या वचनावर प्रवचन करण्यास प्रारंभ केला. आपल्या तुरुंगात पडलेल्या बहिणीकडेच हा निर्देश आहे, हे जाणून ती उठून बाहेर पडली. त्यानंतर तिच्यावरही आरोप आला. ती वाचली, पण तिच्या दोन बहिणी, रिबेका नर्स आणि मेरी ईस्टी, फासावर गेल्या. आता ब्राउनकडे पुन्हा पाहावे. त्याने अरण्यात छायाकृती पाहिल्या आणि तेवढ्या पुराव्यावर साऱ्या गावाला दोषी ठरविले. न्यायासनावर बसलेल्या पूर्वजांनी जे केले, तेच त्याने आपल्या मनाच्या न्यायालयात केले. लपलेली दुष्टता शोधण्यास निघालेला संशय हाच तेथे दुष्टतेचा वेश झाला.

जूनमधील प्रसन्न सकाळ

ब्राउनला सर्वत्र पाप दिसले. दुसऱ्या कथेतील माणसांना ते कोठेच दिसत नाही. शर्ली जॅक्सन यांची ‘द लॉटरी’ जून १९४८ मध्ये ‘द न्यूयॉर्कर’ या साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. सुमारे तीनशे वस्तीचे गाव, २७ जूनची स्वच्छ सकाळ. मुलांना नुकतीच सुटी लागली आहे, ती खिशांत गोटे भरीत आहेत. पुरुष पेरणी-पाऊस आणि ट्रॅक्टरविषयी बोलत आहेत. टेसी हचिन्सन ही गृहिणी भांडी घासण्याच्या नादात दिवस विसरते, हात पुसत धावत येते, सारे हसतात. एका जुनाट काळ्या पेटीतून प्रत्येक कुटुंबप्रमुख एक चिठ्ठी उचलतो. दहाला सुरू झालेले काम दुपारच्या जेवणापूर्वी आटोपते. ज्याच्या चिठ्ठीवर काळा ठिपका निघेल, त्याला गावकऱ्यांनी दगडांनी ठेचून मारावयाचे, हे वाचकाला अगदी अखेरीस कळते.

या गावात कोणी क्रूरकर्मा नाही. येथे द्वेष नाही, वैर नाही. ही सोडत का काढतात, हे कोणालाच सांगता येत नाही. तिचे विधी अर्धेअधिक विस्मरणात गेले आहेत, मूळची पेटी केव्हाच हरवली आहे. लक्षात राहिले आहेत ते केवळ दगड. शेजारच्या गावांनी ही चाल सोडली, असे कोणी सुचविताच सर्वांत वृद्ध गृहस्थ, ज्यांची ही सत्त्याहत्तरावी सोडत आहे, ते तरुणांना मूर्ख ठरवितात. टेसीला हा अन्याय वाटतो तो केव्हा? आपल्या घराची चिठ्ठी निघाल्यानंतर. तोवर ती हसत होती, नवऱ्याला पुढे जाण्यास सांगत होती. संकट जवळ येताच ती आपल्या विवाहित मुलीलाही सोडतीत ओढू पाहते, कारण नावे वाढली तर आपला धोका कमी होईल. आणि शेवटी तिच्या धाकट्या, अजाण मुलाच्या, डेव्हीच्या हातात कोणी तरी चार खडे देते.

निरागसतेच्या नाशाचे याहून भयंकर चित्र दुसरे कोणते असेल? ब्राउनची निरागसता एका रात्रीत भंगली, हे त्याला निदान कळले. डेव्हीला आपण काय गमावले, हे कधीच कळणार नाही. तो मोठा होईल, सुस्वभावी गृहस्थ होईल आणि दर जूनमध्ये दगड उचलील.

कथा प्रसिद्ध झाल्यावर त्या उन्हाळ्यात लेखिकेकडे तीनशेहून अधिक पत्रे आली. त्यांपैकी सदय पत्रे तेराच होती, आणि तीही बहुतेक परिचितांची, असे तिने पुढे सांगितले. उरलेल्यांत संताप होता, गोंधळ होता. काहींनी मात्र अशा सोडती कोठे निघतात, त्या पाहावयास जाता येईल काय, अशी विचारणा केली होती. लेखिकेला कथेतून जे सिद्ध करावयाचे होते, ते या जिज्ञासूंनी पत्रोत्तरी सिद्ध केले.

मृत्यूच्या दारातील ओळख

तिसरी कथा फ्लॅनरी ओ’कॉनर यांची. जॉर्जिया राज्यात आयुष्य घालविलेल्या या श्रद्धावान कॅथलिक लेखिकेचे १९६४ मध्ये अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी दुर्धर व्याधीने निधन झाले. कथेतील आजी मुलाच्या कुटुंबासह मोटारीने सहलीला निघते. अपघात झाला तर मृतदेह पाहणाऱ्याला आपण कुलीन स्त्री आहोत हे कळावे, म्हणून ती नटूनथटून बसली आहे. तिच्या हट्टामुळे गाडी आडवाटेला लागते. तिने चोरून आणलेल्या मांजरामुळे अपघात होतो. मदतीला आलेला माणूस तुरुंगातून पळालेला खुनी आहे, हे ओळखून ती ते बोलून दाखविते, आणि साऱ्यांचे मरण ओढवते. एकेकाला रानात नेऊन गोळ्या घातल्या जात असताना ती त्याला सांगत राहते : तू चांगल्या घरचा आहेस, कुलीन स्त्रीवर तू हात टाकणार नाहीस. ही जन्मभराची पोकळ सभ्यता आहे.

परंतु शेवटच्या क्षणी तिच्या डोळ्यांवरचे पटल दूर होते. त्याचा रडवेला चेहरा पाहून ती म्हणते, की तू तर माझ्याच लेकरांपैकी एक आहेस, आणि त्याच्या खांद्याला स्पर्श करते. तो दचकून मागे सरतो आणि तिला ठार मारतो. व्यवहाराच्या दृष्टीने ती हरली. पण त्या एका क्षणात तिने दुष्टता पूर्णपणे पाहिली आणि तरीही समोरच्याला माणूस म्हणून ओळखले. ब्राउनला जे जन्मभरात साधले नाही, ते तिला एका क्षणात साधले. निरागसता परत मिळत नाही; तिच्या जागी येऊ शकते ती ही ओळख.

अमृतपुत्र आणि षड्रिपू

हॉथॉर्न यांचे प्युरिटन पूर्वज मनुष्य जन्मतःच पापी आहे आणि ईश्वराने निवडलेले थोडेच तरतात, असे मानीत. ज्या समाजात तरणारे आणि बुडणारे अशी विभागणी आधीच ठरलेली असते, तेथे प्रत्येक जण शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर सैतानाची खूण शोधू लागला तर नवल नाही. याची प्रतिक्रिया हॉथॉर्न यांच्याच परिसरात उमटली. १८४२ पासून काही वर्षे ते कॉन्कॉर्ड येथे एमर्सन यांच्या घराण्याच्या वास्तूत राहिले. एमर्सन आणि थोरो हे दोघेही भगवद्गीतेचे वाचक. दुष्टतेला स्वतःचे अस्तित्व नाही, ती केवळ सद्गुणाचा अभाव आहे, असे एमर्सन यांनी १८३८ च्या आपल्या एका प्रसिद्ध व्याख्यानात मांडले होते. हॉथॉर्न यांना हा आशावाद पुरेसा वाटला नाही. सेलमच्या फासाचा दोर ज्याच्या घराण्याने ओढला, त्याला दुष्टता नाहीच, असे म्हणणे कसे शक्य होते?

१९ सप्टेंबर १८९३ रोजी स्वामी विवेकानंदांनी याच अमेरिकेत, शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत, मनुष्याला पापी म्हणणे हेच पाप आहे, असे बजावले आणि श्रोत्यांना अमृताचे पुत्र म्हणून साद घातली. तथापि हिंदू विचाराने दुष्टतेकडे कधीही डोळेझाक केलेली नाही. इच्छा नसतानाही मनुष्य पाप करतो, तो कोणाच्या प्रेरणेने, असा प्रश्न गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो. श्रीकृष्ण त्याला सैतानाचे नाव सांगत नाहीत. काम आणि क्रोध यांच्याकडे बोट दाखवितात. षड्रिपू शेजाऱ्याच्या घरात नसतात, ते स्वतःच्या देहात वस्तीला असतात. त्यांचा शोध अरण्यात घ्यावा लागत नाही. ज्ञानेश्वर महाराजांनी पसायदानात खळांचा नाश मागितला नाही. त्यांच्या मनाचा वाकडेपणा जावा, एवढेच मागितले. मरणाच्या दारात त्या आजीने जे पाहिले, ते हेच नव्हे काय?

आपल्या अंगणात

हे तत्त्वज्ञान आपले आहे, एवढ्यावर समाधान मानणे मात्र धोक्याचे आहे. सेलमला सतराव्या शतकात जे घडले, ते आपल्या देशातून अद्याप हद्दपार झालेले नाही. सातपुड्यातील दुर्गम पाड्यांपासून झारखंडपर्यंत एकट्या, विधवा, निराधार स्त्रियांना डाकीण ठरवून त्यांचा छळ होत आला आहे. बिहारला १९९९ मध्ये, झारखंडला २००१ मध्ये आणि महाराष्ट्राला २०१३ मध्ये त्यासाठी कायदा करावा लागला. मूल दगावले, गुरे मेली, की कोणाला तरी स्वप्नात एखादी स्त्री दिसते; छायापुरावा येथेही ग्राह्य धरला जातो.

‘द लॉटरी’तील पेटीही आपल्याला अनोळखी नाही. परंपरा आणि रूढी यांत भेद आहे. परंपरेला आपला अर्थ ठाऊक असतो; रूढीजवळ अर्थ हरवल्यावर उरलेले दगड असतात. अस्पृश्यता ही अशीच रूढी होती. ती पाळणारे बहुतेक जण घरात प्रेमळ, व्यवहारात सरळ आणि देवभोळे होते, हीच तिची भीषणता होय. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या प्रेरणेने भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले रत्नागिरीचे पतितपावन मंदिर १९३१ मध्ये सर्व हिंदूंसाठी खुले झाले. १९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरस यांनी अस्पृश्यता चूक नसेल, तर जगात चूक असे काहीच नाही, अशा आशयाचे स्पष्ट प्रतिपादन केले. या दोन्ही प्रसंगी आपल्याच माणसांनी आपल्याच पेटीकडे बोट दाखविले. त्यांनी समाजाचा तिरस्कार केला नाही आणि समाजाचा दोषही झाकला नाही. तिसरी वाट चालता येते, याचा हा पुरावा आहे.

सेलमच्या इतिहासाचे शेवटचे पान मुलांनी लिहिले आहे. १६९३ मध्ये दोषी ठरलेल्या एलिझाबेथ जॉन्सन या तरुणीची फाशी टळली, पण तिच्या नावावरचा डाग पुसला गेला नाही. तिला वंशज नव्हते, त्यामुळे तिच्यासाठी दाद मागणारेही कोणी उरले नव्हते. मॅसॅच्युसेट्समधील एका शाळेच्या आठवीच्या विद्यार्थ्यांनी नागरिकशास्त्राच्या तासाला तिचे प्रकरण हाती घेतले, कागदपत्रे वाचली, लोकप्रतिनिधींना पत्रे लिहिली. २०२२ मध्ये, तीनशे एकोणतीस वर्षांनी, तेथील विधिमंडळाने तिला निर्दोष ठरविले. त्या मुलांनी आपल्या गावच्या इतिहासातील दुष्टता पाहिली होती. ती पाहून त्यांनी गावाचा द्वेष केला नाही आणि ती झाकूनही ठेवली नाही. डेव्हीच्या हातात मोठ्यांनी खडे दिले. या मुलांच्या हातात त्यांच्या शिक्षिकेने जुनी कागदपत्रे दिली. पुढच्या पिढीच्या हातात काय द्यावयाचे, हे आज मोठे असलेल्यांनी ठरवावयाचे आहे.